करंजेल लावलेले पाय

शेवंताबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या नसत्या तर साठएक वर्षांपूर्वी मी कोकणातल्या सासरहून, आरोंद्याहून, माहेरी पळाले असते. काल इथे नागपुरात नातवाने करंजेलाची, म्हणजे करंजाच्या तेलाची, बाटली उघडली आणि त्या कडवट वासासरशी त्या समोर उभ्या राहिल्या.

मी घाटावरची, चौथीत शाळा सुटलेली. सासरी गुरांसाठी गवत कापायला गेले आणि पहिल्याच दिवशी गोचीड चावून पोटऱ्या सुजल्या. ‘मला घेऊन जा’ असं बाबांना कार्डही लिहून ठेवलं.

दुसऱ्या सकाळी जाऊबाईंनी गवताच्या टोकावरचा तिळाएवढा ठिपका दाखवला. “तेच्यार हळूच श्वास सोड गो.”

मी सोडला. ठिपक्याने पुढचे पाय वर केले, कडेवर घे म्हणणाऱ्या पोरासारखे.

“बघ, तुजीच वाट बघता. म्हणान मधल्या वाटेन चलाचा, गवताक अंग लावचा नाय.”

मग खाली बसून त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि गोचीड लागू नये म्हणून त्या करंजेल चोळू लागल्या. थोरलीने धाकटीचे पाय धरायचे? मी पाय ओढला.

“गप रव. गोचडाक थोरली-धाकटी कळता काय?”

त्या दिवशी मी पात्यापात्यावर श्वास सोडत हिंडले. भीती होतीच, पण बघायची ओढ जास्त होती. संध्याकाळी कार्ड चुलीत घातलं.

जाऊबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत, गुडघे धरलेत म्हणे. उशीर तर होणार नाही ना, ही धाकधूक आहेच. पण एकदा जाईन, नको म्हणाल्या तरी त्यांचे पाय मांडीवर घेईन आणि ही बाटली तिथेच संपवीन.