उधाणाच्या दिवसाची पाळी

खाडीकाठच्या त्या गावाचे प्रकरण कागदोपत्री केव्हाच मिटले, पण माझ्या मनात ते अजून उघडेच आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले पुष्कळ आज विसरलो. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. संशयित निरपराध ठरला आणि मीच त्याला सोडला. तरीही आयुष्यातल्या कुठल्या तपासाचे ओझे वाटते, असे कोणी विचारले तर मी याच तपासाचे नाव घेईन. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. त्यांची नातवंडे आज डोंबिवली-ठाण्यात नोकऱ्या करतात.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी फौजदार होतो. आमच्या ठाण्याची हद्द दिव्याच्या पलीकडे खाडीपर्यंत जायची. दिव्याला चाळी नुकत्या उठू लागल्या होत्या, आणि त्यांच्या मागे सगळे भाताचे रान. गाव आगऱ्यांचे. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने पिढ्यान् पिढ्या मातीचा एक लांब बांध राखलेला. त्याची रीत ठरलेली होती. उधाणाच्या दिवसांत एकेका घराने पाळीपाळीने बांधावर फेरी मारायची आणि चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली भोके चिखल-गवताने बुजवायची. एक भोक राहिले तरी भरती त्यातून वाट काढते आणि बघता बघता बांध फुटतो. खारे पाणी एकदा आत आले की पुढची काही वर्षे तिथे भात धड होत नाही.

बांधाला लागून एका म्हाताऱ्याचे शेत होते. त्याचे म्हणजे तो कसत होता, त्याचा बाप कसत होता. मालक कल्याणचे. कुळकायद्याने ती जमीन म्हाताऱ्याच्या नावावर व्हायची, पण सुनावणीला तो हजर राहिला नाही, म्हणून त्याची खरेदी रद्द झाली आणि जमीन मालकाला परत द्यायचा हुकूम निघाला. ताबा देण्याच्या बंदोबस्ताला मीच होतो. म्हाताऱ्याने आरडाओरड केली नाही. शेताच्या कडेला उभा राहून त्याने मला एवढेच विचारले, "लावनी झालेली हाय, साहेब. पानी कोन बगल?"

त्याने वर अपील केले. देवळापुढे गावाची बैठक झाली आणि ठरले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या जमिनीला कोणी हात लावायचा नाही. एकाने लावला. तोही गावातलाच, त्याचीही जमीन अशीच कोर्टकचेरीत अडकलेली. मालकाने त्याला ते शेत कसायला दिले आणि त्याने घेतले. गावाने त्याला वाळीत टाकले. गिरणीवाला त्याचे दळण घेईना. लावणीला, कापणीला कोणी येईना. त्याच्या मुलीच्या लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण मिळेना, आणि त्या लोकांत धवलारिणीशिवाय लग्न लागत नाही.

तेव्हाच्या आमच्या तहसीलदारांचा इतिहासाचा अभ्यास होता. ते एकदा म्हणाले की वाळीत टाकण्याला इंग्रजीत जो 'बॉयकॉट' शब्द आहे तो आयर्लंडमधल्या अशाच जमिनीच्या भांडणातून आला. तिथेही हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेई त्याच्याशी गाव बोलत नसे. पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कायदे होऊन कुळे मालक झाली, तरी शेजाऱ्यांतले वैर सरले नाही. मी ऐकून घेतले. मला तेव्हा ते पुस्तकी वाटले.

पुढच्या वर्षीचे गणपती होऊन गेले, भात पोटरीला आले, आणि उधाणाच्या एका सकाळी बांध फुटला. बरोबर त्या शेतापाशी.

नवा कसणारा भिजल्या कपड्यांनी ठाण्यात आला. "तोडला साहेब, माझ्यावरच्या रागानं तोडला. लिहून घ्या."

"कोणी?"

"आक्ख्या गावानं. नावं किती लिवाल?"

गुन्हा दाखल झाला. पाणी त्याच्या शेतावरून पुढे आणखी काही शेतांत गेले होते. त्या शेतांचे मालक मात्र तक्रारच करत नव्हते. पंचनाम्याला गेलो तेव्हा एक जण हसत म्हणाला, "आमचं गेलं तं गेलं. त्याचं गेलं ना?" गाव नुकसानीवरही खूश होते. मालकाच्या सांगण्यावरून वरिष्ठांचे फोन येऊ लागले. गावातली चार पोरे उचला, म्हणजे बोलतील, असा तोंडी हुकूम आला.

तेवढ्यात खबर मिळाली. आमचे एक हवालदार ठाणे शहरातल्या कोपरीचे, खाडीकाठची बोली त्यांना घरची. दिवा स्टेशनबाहेर चिंबोऱ्या विकायला बसणाऱ्या एका कोळीणबाईंशी ते बोलत बसत. बाई पहाटे खाडीत असायच्या. मीही त्या दिवशी सोबत होतो.

"हवालदार, निस्तं बगून जाता. फुकट खायची असंल तं सांगा, नांगी बांधून देते."

"मावशी, पैसे देतो. उधाणाच्या सकाळी बांधावर कोण दिसलं?"

बाईंनी टोपलीवर फडके ओढले. "म्हातारा व्हता. खाली बगत उबा व्हता. मंग गेला." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मना साक्षीला नेशील तं मी आंधली हाय हां, साहेब."

म्हाताऱ्याला अटक केली. कोर्टाने पोलीस कोठडी दिली. दुपारच्या वेळी मी त्याला समोर बसवून चौकशी करायचो. माणूस खोटे बोलतो तेव्हा खूप तपशील देतो, हा माझा अनुभव. हा तपशीलच देईना.

"बाबा, बांध तोडला का?"

"तोरला."

"कशानं?"

"फावऱ्यानं."

"फावडं कुठे आहे?"

"असंल खाडीत."

"कुठून तोडायला घेतलं? खाडीकडून की शेताकडून?"

त्याने अंगठा पुढे केला. मग म्हणाला, "तुमाला कंचं पायजे ते लिवा. माझा अंगठा घ्या."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. जागा दाखवली, हत्यार काढून दिले, तर काही उपयोग. म्हणून ओहोटी पाहून दोन पंच घेतले आणि त्याला बांधावर नेले. हातात बेडी, बेडीचा दोर हवालदारांच्या हातात. म्हातारा पुढे, आम्ही मागे. चालता चालता तो एकदम थांबला. हवालदारांना वाटले, पळतो की काय, त्यांनी दोर ओढला. पण म्हाताऱ्याचे आमच्याकडे लक्षच नव्हते. बांधाच्या कुशीत खेकड्याचे एक भोक होते. बेडी घातलेल्या हातांनी त्याने वाकून गवत उपटले, भोकात कोंबले, वर चिखल लोटला आणि टाच रोवून तो दाबत राहिला. मग पुढे चालू लागला. थोड्या अंतरावर दुसरे भोक. पुन्हा थांबला.

मी हवालदारांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. असा माणूस बांध तोडेल?

फुटलेल्या जागी पोचलो. आता नीट पाहिले तर फावड्याचा घाव कुठेच नव्हता. मातीची कड आतून पोखरत जाऊन ढासळलेली होती. पहिल्या पंचनाम्याच्या वेळी पाणी होते आणि माझ्या डोक्यात फिर्याद होती, म्हणून ते दिसले नव्हते. मी पंचांना बाजूला उभे केले आणि त्याच्याजवळ बसलो.

"बाबा, त्या सकाळी काय झालं?"

तो खाडीकडे वळला. मग म्हणाला, "भोक बगितलं मी. बोटाएवरं व्हतं. पानी बुरबुरत व्हतं. पाय उचलला व्हता, साहेब." त्याने टाच मातीवर टेकवली. "मंग बोललो, पाली आज त्याच्या घरची. शेत बी त्याचं. मी कशाला? नि गेलो घरी."

त्या दिवशीची पाळी वाळीत टाकलेल्या घराची होती. गावाने त्या घराला पाळीतून काढले होते, पण त्याच्या जागी कोणी जायचे, हे कोणी ठरवलेच नव्हते. म्हाताऱ्याने मला आणखीही सांगितले. ज्या सुनावणीला तो गेला नाही म्हणून जमीन गेली, त्या दिवशीही उधाण होते आणि पाळी त्याची होती. "बांद सोरून कल्यानला कसा जाऊ?" जन्मभर त्याने एक फेरी चुकवली नव्हती.

"मग तोडला म्हणून का सांगितलंस?"

त्याने माझे हात धरले. बेडी माझ्या मनगटाला लागली. "साहेब, तोरला असंच लिवा. जेल चालंल मना. तोरला म्हंजे वैरावर तोरला, गाव समजल. बगून गेला बोललात तं गावात मना जागा नाय उरणार. पाया परतो तुमच्या."

मी त्याला समजावले की भोक न बुजवणे हा कायद्याने गुन्हा नाही, त्याच्यावर खटलाच होत नाही, तो सुटला. मी हे आनंदाने सांगत होतो. त्याच्या डोळ्यांतले पाणी मला सुटकेचे वाटले.

कोर्टात अहवाल दिला की फिर्याद गैरसमजातून झालेली असून बांध आपोआप फुटला आहे. पण तेवढ्याने भागत नव्हते. मालकाची माणसे अजून पोरांना उचला म्हणत होती, गावात पोरे काठ्या घेऊन फिरत होती. गावाला खरे काय ते कळले तर सगळे शांत होईल, असे मला वाटले. देवळापुढे लोकांना बोलावले आणि सांगितले. बांध कोणी तोडला नाही, भोक राहून फुटला. पंचही तिथे होते, बांधावर त्यांनी म्हाताऱ्याचे बोलणे ऐकले होते. भोक कोणी पाहिले होते, हे लोकांनी त्यांच्याकडून काढून घेतले, आणि मी नाही म्हणालो नाही.

मला वाटले होते, लोक सुटकेचा श्वास टाकतील. पण मागून एक बाई म्हणाली, "मंग आमची शेतं कशाला गेली?"

मी विचारले, "त्या दिवशी पाळी कोणाची होती? त्या घराला काढलंत, तर बदली कोण जाणार होतं?"

सगळे म्हाताऱ्याकडे बघत होते. तो पायरीच्या कडेला बसला होता. त्याची बायको उठली, त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "चला घरी." लोकांनी त्यांना वाट दिली. नेहमीपेक्षा जास्तच रुंद दिली.

बांध पुन्हा बांधायचा दिवस ठरला तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. घराघरातून एक माणूस आला. काम कसे चालते ते मी प्रथमच पाहिले. माणसे एका ओळीत उभी राहतात आणि ओल्या मातीचे ढेकूळ हातोहात पुढे जाते. म्हाताराही आला, ओळीत उभा राहिला. त्याला कोणी हाकलले नाही, कोणी शिवी दिली नाही. त्याच्या अलीकडच्या माणसाने ढेकूळ उचलले आणि त्याच्या छातीपुढून हात लांब करून पलीकडच्याला दिले. पुढचे ढेकूळही तसेच गेले. म्हाताऱ्याचे दोन्ही हात पुढे धरलेले होते. ते त्याने पुष्कळ वेळ तसेच धरले. मग खाली घेतले. तरी ओळ सोडली नाही. भरतीची वेळ होऊन काम थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि माती त्याला वळसा घालून जात राहिली. नवा कसणारा दूर आपल्या मेलेल्या भातात उभा राहून हे पाहत होता.

मी खाकी गणवेशात, कमरेला पिस्तूल. माझ्या अधिकारात काय नव्हते? दोन माणसांना पकडून आत टाकले असते. पण कोणत्या कलमाखाली?

पुढे म्हातारा-म्हातारी शहाडला मुलीकडे राहायला गेली. अपिलाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. जमिनीचा ताबा द्यायचा हुकूम आला तेव्हा निरोप द्यायला मी मुद्दाम स्वतः गेलो. पत्र्याची खोली. तो खाटेवर बसला होता, ओळखायला वेळ लागला.

"बाबा, जिंकलात. शेत तुमचं झालं."

म्हातारी आत रडू लागली. त्याने हुकुमाचा कागद हातात घेतला नाही. "तुमी चांगले हाव, साहेब," तो म्हणाला. "जमीन दिलीत. पन पाली कोन देल मना?"

ताबा घ्यायला तो आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेला. त्याला गावी नेले नाही, शहाडलाच उल्हासच्या काठी त्याचे क्रियाकर्म झाले. हे मला हवालदारांकडून उशिरा कळले.

तपास शिकवताना आम्हाला सांगत, सत्य शोधा. मीही पुढे नव्या पोरांना तेच शिकवले, आणि ते चूक आहे असे आजही म्हणणार नाही. खोटा अंगठा घेऊन मी त्याला तुरुंगात पाठवायला नको होते. पण शोधलेले सत्य कोणासमोर, किती बोलायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मी स्वतःलाही विचारले नाही. पोलिसाला वाटते, आरोपी सुटला की त्याचे सगळे परत मिळाले. त्या माणसाने माझे हात धरून स्पष्ट सांगितले होते की त्याला कशाची भीती आहे. ती तुरुंगाची नव्हती. मी ते ऐकले, पण त्याचा जबाब म्हणून ऐकले, विनंती म्हणून नाही.

देवळापुढे मला एवढेच म्हणता आले असते की बांध खेकड्यांनी फोडला. ते खोटे नव्हते.