दावीद म्हणवणारी मी

करुणाला देवानं गळा दिला, ठीक आहे. पण पेटीवर चालणारी बोटंही तिलाच द्यायची काय गरज होती, हा माझा देवाशी वर्षभर चाललेला वाद होता. लग्न होऊन हर्सूलला आले तेव्हापासून आमच्या चर्चच्या मंडळीत उपासनेला पेटी मीच वाजवत आले. ही करमाडची पोरगी मंडळीतल्या एका घरी सून म्हणून आली आणि एका रविवारी मला पोचायला उशीर झाला, तर बाई माझ्या जागेवर बसून वाजवत होत्या. लोक डोळे मिटून गात होते. माझ्या वेळी ते घड्याळ बघतात.

आमचे पाळकसाहेब घरोघरच्या प्रार्थनेत नेहमी सांगतात की, पवित्र शास्त्रातली माणसं बाहेर शोधू नका, ती आपल्या आतच राहतात. देवापासून पळणारा योना, कामानं करवादलेली मार्था, वीणा वाजवणारा दावीद आणि हेव्यापोटी त्याच्यावर भाला फेकणारा शौल राजा, या सगळ्या आपल्याच मनाच्या अवस्था. एका संध्याकाळी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, सध्या तुमच्या आत कोण आहे? मी लगेच दावीद म्हणाले. वाजवणारी मी, सोसणारी मी, दुसरं कोण असणार? शौल कोण ते बोलले नाही, नुसतं करुणाकडे पाहिलं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मला अजून उमगलं नाय.”

पावसाळा सरता सरता मला चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण उजव्या हाताची बोटं वळेनात. नाताळ तोंडावर आला तरी चहाचा कप धरवत नव्हता, तिथं पेटी कुठली! करुणा वाजवू लागली. मी शेवटच्या बाकावर बसून बोटं बरी कर म्हणून देवाला विनवायचे आणि त्याच दमात ती चुकावी म्हणून वाट पाहायचे. ती चुकायची नाही. जळफळाट असा व्हायचा, की हळूहळू माझी प्रार्थनाच बंद पडली. पेटी गेली त्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटत होती.

आजाऱ्याच्या घरी जाऊन गीत म्हणायची आमच्यात रीत आहे. पुन्हा ताप भरून मी पडले होते, तेव्हा करुणा एकटीच आली, वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून थेट. तिच्या डाव्या हाताला पट्टी होती.

“हे काय गं?”

“मशीनवर चेमटला, काकू. लई नाय लागलं.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग तिनं सरळ माझ्या पेटीवरचं कापड काढलं आणि वाजवायला बसली. माझा डावा हात उशाजवळच्या तांब्यावर गेला. फेकणार होते का, माहीत नाही, पण तांब्या घट्ट धरला होता खरा. आणि एकदम मला ते दोघं दिसले. मनानं आजारी पडलेला राजा आणि त्याला बरं वाटावं म्हणून समोर बसून वाजवणारं लेकरू. भाला कुणाच्या हातात होता, हे सांगायला आता पाळकसाहेब लागत नव्हते.

मी तांब्या खाली ठेवला. करुणा पट्टीच्या हातानं भाता ओढू पाहत होती, जमत नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, “काकू, तुमचा डावा हात चालतो ना? तुम्ही भाता मारता का वो? सूर मी बघते.”

मी पलंगावरून उतरले आणि पेटीच्या पलीकडे तिच्यासमोर बसले. पहिल्याच कडव्याला मला रडू फुटलं, आणि किती दिवसांनी कळलं की आपण प्रार्थना करतोय.

नाताळच्या उपासनेतही आम्ही दोघींनी मिळून एक पेटी वाजवली. हे कसं जुळून आलं, त्यावर मी वाद घालत नाही. हेवा गेला असंही म्हणत नाही. तिनं एखादी सुंदर जागा घेतली की अजून पोटात दुखतं. माझा हात थांबला तर तिचा सूर तिथल्या तिथं बंद पडेल, हे मला ठाऊक असतं. तरी मी भाता मारत राहते. शरण जाणं मला एवढंच जमलं आहे, आणि तेवढंही देवानंच करवून घेतलं, म्हणून त्याचे उपकार.