आमच्या इवायांचा वाकडा गोळा

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापासून आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत असा एकही माणूस उरलेला नाही, ज्याच्या हातात आमच्या इवायांनी एकदा तरी गोळा ठेवला नाही. इवाई म्हणजे व्याही. आमच्याकडे असंच म्हणतात. माझ्या मुलीचे सासरे. दूधवाला, सिलिंडर आणणारा, विजेचं मीटर वाचायला आलेला तरुण, पत्ता विचारायला थांबलेलं नवं जोडपं, त्यांनी कोणालाच सोडलं नाही. "पत्ता सांगतो ना बाप्पा, आधी हे एकदा टाकून पाहा," असं म्हणत दीड किलोचा गोळा समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा आणि लांब ठेवलेल्या पांढऱ्या चेंडूकडे बोट दाखवायचं. माणूस नेम धरून सरळ टाकतो. गोळाही काही अंतर सरळ जातो आणि मग, घरी काही विसरल्याचं आठवावं तसा, हळूच एका बाजूला वळून भलतीकडेच निघून जातो. टाकणारा आ वासून बघत राहतो. तो वासलेला आ पाहून इवायांना जो आनंद होतो, तो मी त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही पाहिला नाही, आणि नातू माझाही आहे म्हणून हे जरा दुःखानेच लिहितो.

या खेळाचं नाव लॉन बोल्स. गोळ्याची घडण दोन्ही बाजूंनी सारखी नसते, म्हणून तो वळतो. ते वळण ओळखून तो पांढऱ्या चेंडूच्या जितका जवळ नेऊन थांबवता येईल तितकं चांगलं. नियम म्हणाल तर मुख्य एवढाच. पण इवाई तो समजावून सांगायला बसले की दोनदा चहा होतो.

त्यांचं सगळं आयुष्य कळमेश्वरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर गेलं. एकदा कारखान्याने त्यांना मशीनच्या कामासाठी रांचीला पाठवलं होतं. काम आटोपून स्टेशनकडे निघाले असताना एका हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं काहीतरी घरंगळवत आहेत असं त्यांना दिसलं. ते कुंपणाशी थांबले ते थांबलेच. गाडी सुटली. दुसऱ्या दिवशीची गाडीसुद्धा सुटता सुटता मिळाली. परत आल्यावर त्यांनी शिसवीचं लाकूड मिळवलं आणि सुटीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपात बसून आठ गोळे कातले. मूळचे हे विणकर कोष्टी. वडील हातमागावर लुगडी विणायचे. इवाई सांगतात, "माह्या बापाचा धोटा जन्मभर सरळ गेला. मी पहिला गोळा वाकडा जाणारा बनवला तर माय म्हणे, पोरगं बिघडलं."

आमच्या मुलीला पाहायला आले तेव्हाही पिशवीत गोळा होता. पोहे झाले, चहा झाला, आणि आता हे शिक्षणाचं, स्वयंपाकाचं काहीतरी विचारतील म्हणून आम्ही सावरून बसलो, तर त्यांनी पिशवीतून गोळा काढला. "पोरी, हे घे. त्या पाटाजवळ थांबला पाहिजे." माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे बघायला लागलो. मुलीने पदर खोचून गोळा सोडला. तो चहाच्या टेबलाला वळसा घालून पाटापासून वीतभर अंतरावर थांबला. "पोरीले वजन समजते," इवाई म्हणाले आणि लग्न ठरलं. बायकोचं अजूनही म्हणणं आहे की गोळा दिवाणाखाली गेला असता तर आज आपली लेक दुसऱ्या घरी असती.

मुलीचा बाप असल्यामुळे पुढच्याच रविवारी मीही खेळाडू झालो. शाळेच्या कार्यालयात जन्मभर खुर्चीवर बसलेला मी माणूस; पण इवाई बोलावतात तर नाही कसं म्हणणार? आमच्याकडे हिरवळ कुठली? नागपूरच्या उन्हाळ्यात गवत जगवायचं म्हणजे पाण्याचा टँकर दारात बांधून ठेवावा लागेल. इवायांनी तोड काढली. त्यांचा एक मित्र मंडप डेकोरेशनवाला. त्याची हिरवी मॅट समाजभवनामागच्या सपाट जागेवर अंथरायची आणि खेळायचं. त्यामुळे आमचा खेळ पंचांगावर चालायचा. लग्नाचा मुहूर्त असला की मॅट लग्नाला जायची. एकदा एका रिसेप्शनमध्ये पायाखाली आपलीच मॅट ओळखून इवायांना राहवलं नाही. त्यांनी पाहुण्यांच्या पायांमधून गोळा सोडला आणि तो नवरदेवाच्या मामाच्या बुटाला जाऊन टेकला. मामा भडकले. इवाई त्यांना म्हणाले, "तुम्ही हालले नाही हे बेस्ट केलं. रविवारी या."

मामा आले नाहीत. खरं तर कोणीच येत नव्हतं. आम्ही सहा खेळाडू होतो आणि सहाही साठीच्या पुढचे. त्यातला एक वारला, एक मुलाकडे पुण्याला गेला. इवाई मग खेळता खेळता मॅटच्या रिकाम्या कडेकडे बघत बसू लागले. "इवाई, हा खेळ आपल्यासंगच जाईन का हो?" असं त्यांनी एकदा मॅट गुंडाळताना विचारलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की ही नुसती हौस नाही.

मग ते तरुण पोरांच्या मागे लागले. बाजूला क्रिकेट खेळणारी पोरं आमच्या खेळाला 'आजोबांच्या गोट्या' म्हणायची. त्यांच्यासाठी इवायांनी जाहीर केलं की रविवारी येईल त्याला तर्री पोहे. चौदा पोरं आली. प्रत्येकाने एकेक गोळा टाकला, दोन-दोन प्लेटा पोहे खाल्ले आणि तर्रीला तिखट कमी आहे असं सांगून निघून गेली.

सुजाता मात्र पोह्यांसाठी आली नव्हती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, क्लासवरून घरी जाताना तिचा रस्ता समाजभवनामागून जायचा. एके दिवशी इवायांनी तिला अडवलंच. "काहून वं, रोज नुसती पाहूनच जातं? टाकून पाह्य ना." पहिला गोळा भलतीकडे गेला. ती हसली नाही. दुसराही गेला. मग ती मॅटच्या कडेकडेने चालत गेली, गोळा कुठून वळला ते नीट पाहून आली आणि तिसरा गोळा तिने पांढऱ्या चेंडूच्या रोखाने न टाकता वळणाच्या उलट बाजूला बराच बाहेर सोडला. तो संथपणे वळत आला आणि चेंडूला हलकेच टेकून थांबला. इवाई अर्धा मिनिट काही बोलले नाहीत. इतका वेळ ते झोपेतही गप्प नसतात, असं विहीणबाई सांगतात.

ती रोज येऊ लागली आणि इवायांचा तोल गेला. तिने हात मागे नेला की हे ओरडायचे, "खाली वाक! अंगठा! अंगठा पाह्य कुठी आहे!" राज्याच्या संघाची निवड चाचणी नागपुरातच व्हायची होती. त्याच्या तीन आठवडे आधी परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या रांगेत अडकून ती तासभर उशिरा पोचली. इवाई सगळ्यांदेखत कडाडले, "आजकालच्या पोरायले कशाची किंमतच नाही!" सुजाताने हातातला गोळा मॅटवर अलगद ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. आठ दिवस आली नाही.

नवव्या दिवशी सकाळी इवाई माझ्या दारात उभे. "चाला," एवढंच म्हणाले. सुजाताच्या घरी जाऊन पोचलो. दोन जिने चढताना त्यांचे गुडघे कुरकुरत होते. तिच्या आईने चहा ठेवला. आई एका दवाखान्यात नर्स आहेत. रात्रपाळी करून नुकत्याच आल्या होत्या. इवाई तुरीच्या डाळीवर बोलले, कूलरच्या पंपावर बोलले, नरखेडच्या संत्र्यांना यंदा बहार कसा आहे त्यावर बोलले. नरखेडला त्यांचं कोणीही नाही. शेवटी मी त्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "मले कोणी शिकवलं नाही. कुंपणाबाहेरून पाहून शिकलो मी. म्हणून दुसऱ्याले कसं शिकवतात ते मले येत नाही. मले फक्त ओरडता येते. तू नाही आली तर... चुकलं माह्यं."

कारखान्यात सुपरवायझरसमोर, घरात विहीणबाईंसमोर, कुठेच कधी न निघालेला तो शब्द ऐकून मीच खाली बघू लागलो.

सुजाता म्हणाली, "मी येते आजोबा. पण मी टाकून राहिली असताना तुम्ही बोलायचं नाही."

"एकबी शब्द नाही?"

"एकपण नाही."

"आन् गोळा सुटल्यावर?"

तिने विचार केला. "थांबल्यावर बोला."

इवायांनी तो करार पाळला. कसा, ते मी पाहिलं आहे. खिशात संत्र्याच्या गोळ्यांचं पाकीट ठेवायचे आणि ती वाकली की दोन-दोन गोळ्या तोंडात कोंबायचे. निवड चाचणीच्या दिवशी पाकीट संपलं तेव्हा त्यांनी रुमाल तोंडात धरला. सुजाताची निवड झाली. ती संघाबरोबर राष्ट्रीय स्पर्धेला रांचीला गेली, दोन सामने खेळली, दोन्ही हरली आणि हसत परत आली. तिने सांगितलं, "आजोबा, तिथं माह्यापेक्षा लहान पोरी आहेत. आपल्याले खूप पोरं पाहिजेत." मग तिने तीन मैत्रिणी आणल्या. त्यांनी भाऊ आणले. क्रिकेटवाल्यांतले दोघं, पोहे न मागता, आपणहून आले. मंडपवाल्या मित्राने एक मॅट कायमची देऊन टाकली. आम्ही इतकी वर्षं ओरडून जे केलं नाही, ते त्या मुलीने गप्प राहून दोन हिवाळ्यांत केलं.

गेल्या रविवारी आम्ही दोघं पाच वाजता पोचलो तर मॅटवर जागा नव्हती. एकोणीस पोरं होती. कोणी कोणाला शिकवत होतं, कोणी हरल्याचं भांडत होतं. आम्ही कडेच्या बाकावर बसून राहिलो. एक डाव संपला की दुसरा सुरू होई. काहींनी इवायांना नमस्कार केला. नव्यांपैकी बऱ्याच जणांना ते कोण हेही ठाऊक नव्हतं. उजेड गेला, पोरांनी मॅट गुंडाळून समाजभवनाच्या खोलीत ठेवली आणि मोटारसायकली सुरू करून सगळे पांगले.

तलावाच्या कडेने घरी चालताना इवाई म्हणाले, "आज आपला नंबर लागलाच नाही."

"मी सांगतो पोरांना," मी म्हटलं.

"नका सांगू. खेळू द्या त्यायले." थोडं चालून ते थांबले. गुडघ्यांमुळे थांबले असावेत. "मले हेच पाहिजे होतं ना हो इवाई? मंग असं काहून वाटून राहिलं?"

आम्ही पुन्हा चालायला लागलो.

"असं करू," घराच्या वळणावर ते म्हणाले, "उद्या पहाटे सहाले येऊ. पोरं सहाले उठत नाहीत. आपण दोघंच टाकू आरामात."

मी 'हाव' म्हणत मान डोलावली. मॅट ठेवतात त्या खोलीची किल्ली आता सुजाताकडे असते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.