दोनदा मोजलेला मेंढा

धम्मदीपा गजभिये मूळची नागपूरची. संख्याशास्त्रात पीएचडी करायला ती मास्ट्रिख्टला आली आणि पुढे द हेगमधल्या एका लहानशा संस्थेत नोकरीला लागली. मध्य आशियातल्या उंच डोंगरांत मोठ्या वळणदार शिंगांचे रानमेंढे आहेत. परवाना काढून, वाटाड्या घेऊन परदेशी शिकारी त्यांच्यामागे जातात. वर्षाला किती मेंढे मारू दिले तर कळपाला धक्का लागणार नाही, ते तिथल्या सरकारला सांगायचं काम या संस्थेकडे होतं. आकडा धम्मदीपा काढायची. सलग चार वर्षं तिनं बारा सांगितला होता. मेंढा मात्र तिनं फक्त फोटोत पाहिलेला.

पाचव्या वर्षी संस्थेनं ठरवलं, की कुणीतरी एका शिकाऱ्याबरोबर जावं आणि सगळं नियमानं चालतं का ते बघावं. बाकीच्यांची मुलं लहान होती. धम्मदीपा एकटी राहायची, त्यामुळे तिचं नाव पुढे आलं. ती राहायची त्या द हेगजवळच्या झूटरमेरला चढ म्हणावा असा एकच, राडारोड्यावर माती टाकून केलेली टेकडी. पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन ती महिनाभर ती टेकडी चढली-उतरली. हाउसआर्ट्सनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, उंचीवर घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या.

निघण्याआधी तिनं नागपूरला आईला फोन केला. कांताबाई निवृत्त शिक्षिका, रोज पंचशील म्हणणाऱ्या.

"तू मारणार आहेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. मी फक्त बघणार."

"आणि आकडा कोणाचा?"

"माझा."

 मग कांताबाईंनी स्वेटर किती घेतलेस, असं विचारलं.

शिकारी होता हार्मन, सहासष्ट वर्षांचा, बंधाऱ्यांच्या कामातून निवृत्त झालेला डच माणूस. वाटाड्या बकित, पन्नाशीचा. तळापर्यंत घोडे होते, पुढे पायी. चार हजार मीटरच्या वर धम्मदीपाचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा उलटी झाली. बकितनं तिला खारा चहा दिला आणि स्वतःची चाल कमी केली.

तिसऱ्या दिवशी दरीपलीकडे नऊ नर दिसले. बकितनं त्यातला सगळ्यात म्हातारा दाखवला. हार्मन खडकावर पालथा पडून चाळीस मिनिटं वारा पडायची वाट बघत राहिला. मग एकच गोळी. मेंढा तीन पावलं चालला आणि बसल्यासारखा खाली गेला.

त्याच्यापर्यंत पोचायला दोन तास लागले. बकितनं शिंगावरची वलयं बोटानं मोजली. "अकरा वर्षं. पुढचा हिवाळा यानं काढला नसता." हार्मननं टोपी काढली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला.

धम्मदीपा डाव्या शिंगाकडे बघत होती. त्याचं टोक तुटलेलं होतं आणि खाली कोयरीसारखी खाच पडलेली होती. ही खाच तिनं पाहिली होती. तिनं टॅबलेट काढून गेल्या वर्षीच्या मोजणीचे फोटो उघडले. सप्टेंबरमधला पूर्वेकडच्या खोऱ्यातला कळप, त्यात हाच मेंढा. ऑक्टोबरमधला पश्चिमेकडचा कळप, त्यातही हाच. दोन्ही कळपांची बेरीज तिनं स्वतः केली होती.

"बकित, हे मेंढे खिंड ओलांडतात?"

"बर्फ पडलं की ओलांडतात. दर वर्षी."

"म्हणजे ते दोनदा मोजले गेले. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मोजायला आले त्यांनी विचारलं नाही." त्यानं सुरी गवतावर पुसली. "आता तुम्ही लिहिणार."

"लिहावं लागेल."

"आमच्या गावातली सहा घरं शिकारीवर चालतात."

धम्मदीपानं तुटक्या शिंगाचा फोटो काढला. बकित मान हलवून पुन्हा कातडं सोडवायला लागला. संध्याकाळी तळावर त्याच मेंढ्याचं मटण शिजलं. तिनंही खाल्लं. उतरताना बकित पूर्वीइतकाच हळू चालला, पण बोलला फक्त हार्मनशी.

द हेगला परतल्यावर तिनं अहवाल लिहिला. चूक माझी आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहिलं. साहेबांनी दोनदा विचारलं, खात्री आहे का? तिनं दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. बाराचे सात झाले. पुढच्या हंगामात बकितला काम मिळालं नाही; तो शहरात ट्रक चालवायला गेला. हे तिला हार्मनच्या पत्रातून कळलं. पत्र तिनं दोनदा वाचलं. त्या आठवड्यात तिला कामात लक्ष लागेना. पण आकडा बदलावा असं तिच्या मनात आलं नाही.

तिनं नवी पद्धत सुचवली: दोन्ही खोऱ्यांत एकाच दिवशी मोजणी, आणि मोजायला गावातलीच माणसं. मंजुरीला वर्ष गेलं. बकितला बोलावणं धाडलं तेव्हा त्यानं धाकट्या भावाला पाठवलं. त्या मोजणीत दोन्हीकडे मिळून एकशे अठरा मेंढे भरले. आकडा सातच राहिला.

धम्मदीपा आता दर वर्षी मोजणीला जाते. गावातली माणसं तिच्याशी नीट वागतात, मेंढे कुठे गेलेत ते आपणहून सांगतात. बकितच्या घरी मात्र तिला अजून कुणी बोलावलेलं नाही.