दाढी आणि माझं सीपॅप

मंडळी, आज दौंडमध्ये मशीनवाल्याशी भांडलो. थकलोय, तरी सांगतो.

झोपेत माझा श्वास अडकतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभर झोपूनही झोप होत नाही. मागच्या आठवड्यात कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाताना बाईकवरच डोळा लागला. म्हणून हे सीपॅप मशीन. तोंडावर मास्क, त्यातून हवा. हवेचा दाब हळूहळू वाढतो तो रॅम्प, मास्कच्या कडेनं हवा निसटते तो लीक.

माझा लीक काही थांबेना. मशीनवाला म्हणाला, "दादा, एवढ्या दाढीवर मास्क बसत न्हाई. काढावी लागंल."

माझं डोकंच फिरलं. "दाढीला हात लावायचा न्हाई!" कॉलेज सोडलं तेव्हापासून राखलीय. शिरूरची आमची ती, म्हणजे माझी मैत्रीण, म्हणाली होती, तुला शोभते.

बाहेर येऊन तिलाच फोन लावला. वाटलं, माझी बाजू घेईल.

"काढून टाक."

"आगं, तुलाच आवडती ना?"

"व्हय. पण दाढी परत वाढंल. तू गाडीवरनं पडलास, तर मी काय करू?"

आता सलूनमध्ये नंबर लावून बसलोय. भांडायचंही त्राण उरलं नाही. तुमच्यात कुणी हे मशीन लावत असेल, तर खरं सांगा, झोप लागते ना?