सीलबंद डब्यातला फ्यूज

माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरांनी छडी उगारली, मी ती हिसकावून गुडघ्यावर मोडली. संध्याकाळी बापाने मला माडाला बांधून झोडपलान. मी माफी मागितली नाही. पुढे मुंबईला एका रेडिओ दुरुस्तीच्या कारखान्यात राहिलो. तिथला कारागीर काम चुकलं की तापलेल्या सोल्डरिंगचं टोक मनगटाला लावायचा. पाच वर्षं भाजून घेतलं, पण सर्किट शिकलो. एक दिवस त्याच्याच हातातली सोल्डरिंग काढून त्याच्याच मनगटाला लावली आणि रत्नागिरीची गाडी पकडली. हे मी लाजून लिहीत नाही. इंजिनिअर झालेली माणसं माझ्याकडे बोर्ड घेऊन येतात, मी त्यांच्याकडे गेलेलो नाही.

मांडवीहून बंदराकडे जाताना माझं दुकान. मच्छीमार बोटींसाठी मी डबे बनवतो. बोटीची बॅटरी चोवीस व्होल्टची. वायरलेस आणि मासे दाखवणारं मशीन चालतं बारावर. मध्ये माझा डबा. त्यात एक मोठा ट्रान्झिस्टर चोवीस दाबून बारा करतो. खारी हवा, इंजिनची धग, कधीतरी तो ट्रान्झिस्टर मरतो. आणि मरताना वाट बंद करून मरत नाही, दार सताड उघडं टाकून मरतो. चोवीसच्या चोवीस व्होल्ट पुढे घुसतात आणि वायरलेस जळून जातो.

त्यासाठी मी पुढे एक राखणदार बसवायचो. एससीआर म्हणतात त्याला. व्होल्ट पंधराच्या वर चढले की तो प्लस आणि मायनस एकमेकांवर आपटतो. मुद्दाम शॉर्ट करतो. करंट असा उसळतो की वाटेतला फ्यूज फुटतो आणि सगळं थंड. वायरलेस वाचला. मारामारीच आहे ती, फक्त कुठे थांबायचं ते फ्यूज ठरवतो.

पहिले डबे मी उघडेच दिले होते. बाजारातल्या एका मेकॅनिकने ते बघून तसेच बनवायला घेतलेन. मी त्याच्या दुकानात जाऊन काउंटरची काच फोडली. त्याने मीटर माझ्या डोक्यात घातलान. तीन टाके पडले. त्या दिवसापासून मी पार्टांवरचे नंबर कानशीने घासून काढायचो, सर्किटवर दगडासारखा घट्ट होणारा एपॉक्सी गोंद ओतायचो आणि झाकणाला स्क्रूऐवजी रिबिटा मारायचो. फ्यूजसुद्धा आत. तांडेल लोक म्हणायचे, "अवो, फ्यूज तरी भायेर ठेवा." मी म्हणायचो, "तुम्ही मासे बघा. फुटला की डबा इथे आणायचा." आत काय आहे, फ्यूज का फुटतो, कुणाला एक शब्द सांगितला नाही. सांगितलं तर माझ्यापाशी काय उरलं?

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ तांडेल. म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालते. जाळं कुठे सोडायचं, कधी परतायचं, सगळं त्याने ठरवायचं. खलाशी म्हणून सोळाव्या वर्षी चढला होता, चाळिशीला तांडेल झाला. मोठ्या ट्रॉलरवर. त्या ट्रॉलरवर माझाच डबा होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी बंदरावरून निरोप आला, "तुमच्या डब्यान बोट जाळलीन." मी चपला न घालता गेलो.

ट्रॉलर जेटीला लागलेला. केबिनच्या खिडक्या काळ्या, पत्रा वाकलेला, भिजलेल्या जाळ्यांचा ढीग दारात. बोटीचा मालक, आम्ही नाखवा म्हणतो, तो माझा डबा हातात घेऊन उभा होता. मी जवळ जाताच त्याने तो माझ्या छातीवर फेकलान.

"हा तुजा माल! पाच माणसं जळत होती माजी!"

डबा छिन्नीने फोडलेला होता. मी आत बघितलं. फ्यूजच्या क्लिपांमध्ये गळाची जाड तार, वितळून दोन्ही बाजूंना गोळे झालेली. खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला. मी डबा डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा! फ्यूजच्या जागी तार! माझ्या डब्याचा काय दोष? कोणी घातलीन ही?"

मेव्हणा बर्फाच्या पेटीवर बसला होता. उजवा हात ओल्या गोणपाटात. म्हणाला, "मी घातली. वारा फिरलेला, भावजी. वायरलेस बंद पडला. पुढं वादळ हाय की काय, कोणाला विचारू? फोडलाव डबा, फ्यूज उडालेला दिसला, तार घातली. बटण दाबला आणि…"

त्याने गोणपाट जरा सारलान. दोन बोटांची कातडी सुटून लोंबत होती.

मी त्याच्या कानफटात मारली. भाजलेल्या माणसाच्या. माझ्या डब्याला छिन्नी लावलीन म्हणून. तो उठला आणि त्याने मला डोक्याने धडक दिलीन, मी टोपल्यांवर पडलो. खलाशांनी त्याला मागे ओढला. तोवर नाखवा गरजला, "तुज्या भावजीनच सांगितलान. तार तुजी, आग तुजी. आजपासून माज्या बोटीवर पाय ठेवायचा नाय."

मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला. आमच्या बंदरात बोट पेटवलेल्या तांडेलाला दुसरा नाखवा उभा करत नाही. पुन्हा खलाशी व्हायचं, तर त्याला जाळं ओढायला हात पाहिजे. हे मला समजत होतं. तरी मी शर्ट झटकून दुकानात परत आलो.

घरी बायकोने ताट माझ्यासमोर ठेवलंन नाही, आपटलंन. आमटी भिंतीवर उडाली.

"बंदराभर सांगून आलात? त्याचा हात गेला, आता पोटही घ्या."

"तार त्याने घातलीन."

"आणि फ्यूज कुठं ठेवलेलात? रिबिटा मारून! हाताशी चार फ्यूज असते, तर कशाला घालील तो तार?"

"फ्यूज असता तरी हेच झालं असतं. तुला काय कळतं त्यातलं?"

"मग करून दाखवा."

मी तांब्या उचलून भिंतीवर मारला आणि दुकानात गेलो. हिला खोटं पाडायचंच, एवढंच डोक्यात.

टेबलावर ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या. तसंच सर्किट मांडलं, मेलेला ट्रान्झिस्टर घातला, बरोबर मापाचा फ्यूज लावला आणि स्विच मारला. फट. फ्यूज गेला. हात लावून बघितलं, सगळं गार. दुसरा लावला. फट. तिसरा. फट. चौथा फ्यूज मी रागाने लावला, तोही तसाच गेला. कोणीही माणूस तिसऱ्यांदा ओळखेल की बिघाड आत आहे, आता हात लावू नये.

मग गळाची तार लावली. स्विच मारताच तार पांढरी झाली. एससीआर प्लस-मायनस आवळून बसला, सोडायलाच तयार नाही. वायरीवरचं प्लास्टिक पेटलं, टेबलाच्या सनमायकाला फोड आले, फाडकन एससीआरचा तुकडा उडून माझ्या गालात घुसला. बॅटरीची वायर उपटताना अंगठा हाडापर्यंत भाजला. मी वाळूची बादली ओतली आणि तिथेच खाली बसलो.

बोटीवर हेच झालं होतं. वायरलेस वाचवायला जो राखणदार मी बसवला, त्यानेच केबिन पेटवलीन. आणि तांडेलाला वाटलं, फ्यूज नुसताच उडालाय. त्याला काय ठाऊक, फ्यूज फुटला म्हणजे आत कोणीतरी मेलंय? मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माशांचा लिलाव चालू असताना बंदरावर गेलो. नाखव्याला म्हटलं, "चूक माझी. त्याला बोटीवर घे."

"काल तर डबा डोक्यावर घेऊन नाचत व्हतास."

"तार त्यानेच घातलीन. पण मी फ्यूज कोंडून ठेवला, म्हणून घातलीन."

"माज्या कानात काय सांगतोस? काल सगळ्यांसमोर बोललास ना? आजही बोल."

सोपं नव्हतं ते. अख्ख्या आयुष्यात मी चूक माझी म्हटलं नव्हतं, बापाच्या माराखाली नाही, मुंबईतही नाही. लिलावाच्या कट्ट्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं. एक कोळीण पापलेटाची टोपली सरकवत म्हणाली, "मोठ्यान बोल की बाबा, काल चांगला गळा व्हता तुजा!" सगळे हसले. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. मग हातोडा घेऊन बोटीमागून बोट चढलो आणि माझे डबे केबिनच्या भिंतींवरून उपटून काढले. रिबिटा सुटेनात, तिथे डबाच ठेचला. एक तांडेल अंगावर धावून आला, "अरे, चालू डबा फोडतोस?" त्याला ढकललं आणि त्याचाही फोडला.

खाली उतरलो तर मेव्हणा समोर. हाताला बँडेज. नाखव्याने त्याला सांगितलं होतं, हात बरा झाला की चढ. त्याने डावा हात मागे घेतला आणि माझ्या तोंडावर असा ठोसा मारलान की पुढचा दात जिभेवर आला.

"कालचा," म्हणाला.

मी दात थुंकला. उलटा मारला नाही. तेवढा एकच मार मी मान्य केला.

तीन महिन्यांनी तो बोटीवर चढला. त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत. त्याच ट्रॉलरवर नवा डबा बसवायला गेलो, तर दारात आडवा उभा राहिला. "आधी उघडा. आत काय हाय ते दाखवा." मी चार स्क्रू काढले आणि एकेक पार्ट बोट लावून सांगितला, हा मेला तर काय, तो मेला तर काय. त्याने दोनदा विचारलान, मी दोनदा सांगितलं. नंबर घासलेले नव्हते. फ्यूज बाहेर होता, शेजारी आणखी सहा चिकटवलेले. त्याने ते मोजून घेतलेन आणि बाजूला झाला.

आमच्याकडे जेवायला मात्र तो अजून येत नाही.