भाचीसाठी केलेली घडीची खुर्ची

माझ्या भाचीच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक माझ्या चुकीमुळे गेलं. खुर्चीत दोष कुठे होता ते मला आधीपासून माहीत होतं. तो झाकायला रबराचे दोन तुकडे मी स्वतः कापून बसवले होते, आणि एक फोटो चांगला यावा म्हणून ते काढून ठेवले. परत बसवले नाहीत. पुढे विचारणा झाली तेव्हा मी खोटं बोललो, आणि ते खोटं बहिणीच्या सासरी सहा वर्षं खरं धरलं गेलं.

मालेगावात रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पलंग, असली कामं. धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं. लेक बाळाला घेऊन सासरी निघते तेव्हा माहेराकडून पाळणा सोबत जातो. बायको म्हणाली, बाजारातून चांगला लाकडी आणू. मला ते पटलं नाही. वेल्डरच्या बहिणीनं विकतचा पाळणा न्यायचा, हे मला कमीपणाचं वाटलं.

शिवाय माझ्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. बहिणीचं सासर शिरपूरच्या पुढे, शेतीवर जगणारं. सोयाबीन सोंगायचे, म्हणजे कापणीचे, दिवस आले की घरात कोणी उरत नाही. बांधावर लुगड्याची झोळी बांधून बायका लेकरांना त्यात टाकतात, आणि झोळीतून काढलं की लेकरू सरळ मातीत. मला वाटलं, एकच वस्तू करावी. पाठ आडवी केली की झाडाला टांगायचा झोका. पाठ उभी करून पाय उघडले की जेवू घालायची खुर्ची. सगळं मिटवलं की मोटरसायकलला अडकवून न्यायची घडी. जगात अशा वस्तू असतील, पण आमच्या भागात मी पाहिली नव्हती.

महिनाभर मी त्यावर काम केलं. बारीक गोल पाइप घेतला, बसायला पलंगाची नवार विणली. सगळी करामत पाठीच्या सांध्यात होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना तीन भोकं, आणि भोकांतून जाणारी खीळ. खीळ ज्या भोकात, तशी पाठ आडवी किंवा उभी. खीळ काढली की पाठ पुढे पडून मिटायची. त्या दोन पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकत.

बाळाला त्यात ठेवून बघता आलं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण आईनं टेपसुद्धा लावू दिला नाही. जित्या लेकराचं माप घ्यायचं नाही, असं तिचं म्हणणं. रिकामा झोका हलवलेलाही तिला चालत नव्हता. बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात, तसा तिनं फडक्यात गुंडाळलेला वरवंटा मला आणून दिला आणि म्हणाली, "याले घालून पाह्य काय पाह्यतं ते."

मी तसंच केलं. वरवंटा आणि वर तुरीच्या डाळीची पिशवी ठेवून झोका दुकानाच्या छताच्या कडीला टांगला. हलवला, हिसके दिले, पाठ शंभरदा खाली-वर केली. नवार ताणली नाही, जोड उसवला नाही. दुकानासमोरचा चहावाला येऊन म्हणाला, "भाऊ, वरवंट्याचं नशीब पाह्यजा, बसून झोके खाऊन राह्यला." आम्ही हसलो. वरवंट्याला हात नसतात, तो कशाला धरायला जात नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ते माझ्या स्वतःच्या बोटानं मला सांगितलं. रंग दिल्यावर खुर्ची मिटवताना माझी करंगळी त्या पट्ट्यांत सापडली. बोट जाड, म्हणून फक्त रक्त साकळलं. मी तेव्हाच समजलो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापून सांध्यावर चढवले. फट पूर्ण झाकली गेली. पाच मिनिटांचं काम होतं.

मग फोटो काढायची वेळ आली. खुर्ची मी केशरी रंगवली होती, आणि त्यावर ते काळं रबर फाटलेल्या सदऱ्याला ठिगळ लावल्यासारखं दिसत होतं. मी ते उतरवलं, फोटो काढला आणि ओळखीच्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत चौघांनी तशीच करून मागितली. एकानं लिहिलं, ही कंपनीची वाटते. तो निरोप मी किती वेळा वाचला, हे सांगायची लाज वाटते. रबराचे तुकडे ड्रिलच्या टेबलावर राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा नवरा, आमचे जावई, गाडी घेऊन आले, ओटी भरली, आई रडली, आणि खुर्ची गाडीच्या टपावर बांधली गेली. रबराची आठवण मला झाली. हे मला लिहायलाच हवं. गाडी निघण्याआधी ती झाली होती. पुढच्या वेळी जाईन तेव्हा बसवीन, असं मी मनात म्हटलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा बाळ खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत होतं, सासरची माणसं माझं कौतुक करत होती, आणि मी रिकाम्या हातानं गेलो होतो.

भाची नऊ महिन्यांची असताना ते झालं. सोयाबीनची सोंगणी चालू होती. बहिणीनं लिंबाच्या सावलीत तिला भात भरवला, खुर्चीतून उचलून कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं खुर्ची मिटवायला खीळ काढली. पोरीला त्या केशरी रंगाचा लळा होता. तिनं वाकून सांध्याच्या पट्ट्यांत हात घातला. पाठ आपल्याच वजनानं खाली आली.

मला फोन आला तेव्हा मी एका गेटला कडी बसवत होतो. दवाखान्यात पोचलो तर जावई मोटरसायकलला टेकून जमिनीकडे बघत होते. आत डॉक्टरांनी टाके घातले होते. पहिल्या पेरापासून पुढचं बोट जोडता येण्यासारखं उरलं नाही, असं ते म्हणाले. व्हरांड्यातल्या बाकावर बहीण बसली होती. तिच्या हातावर, कानाजवळ, केसांत रक्त होतं आणि ते तिनं धुतलं नव्हतं.

तिची सासू उभी होती. बाई तोंडाची फटकळ, पण अन्यायाची नाही. तिनं मला सरळ विचारलं, "तुमच्या त्या खुर्चीत काई खोट व्हती काय?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "खुर्चीत काई खोट नाही, मावशी. खीळ काढाच्या आंधी लेकराले दूर ठेवा लागते. म्या तिले सांगतलं व्हतं."

मी तिला असं काही सांगितलं नव्हतं.

बहिणीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती आठवायचा प्रयत्न करत होती. दादानं सांगितलं होतं का, कधी, कुठे, हे ती शोधत होती. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की मी खोटं बोलत असेन, हे तिच्या मनातही आलं नाही. सासू तिच्याकडे वळून एवढंच म्हणाली, "ध्यान कुठं व्हतं तुयं?" बहिणीनं मान खाली घातली. तिथेच तो निकाल लागला.

खुर्ची मी परत आणली. तोडण्याआधी ते रबराचे तुकडे सांध्यावर चढवून पाहिले आणि माझी करंगळी त्यात घालायचा प्रयत्न केला. गेली नाही. मग कटरनं सगळे पाइप कापून भंगारात टाकले. ज्यांनी खुर्च्या मागितल्या होत्या, त्यांना पाइप मिळत नाही म्हणून सांगितलं. दुकान पूर्वीसारखं चालू राहिलं. माझं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते तिचं. सासरी तिला कोणी मारलं नाही, टाकून बोललं नाही. पण दूध उतू गेलं, गाय सुटली, चूल विझली की एकच वाक्य यायचं, ध्यान कुठं असतं हिचं. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. दर भाऊबीजेला बहीण पोरीला घेऊन यायची आणि मी त्या एवढ्याशा पोरीच्या पायावर डोकं ठेवायचो, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ. लोकांना वाटायचं, मामाची किती माया. मला वाटायचं, हीच माझी माफी. रीतच असल्यामुळे ते फार सोपं होतं. मग बहीण मला ओवाळायची आणि मी मान ताठ ठेवून बसायचो.

पोरगी शाळेत जाऊ लागली. पेन्सिल मधल्या बोटानं धरते, अक्षर चांगलं आहे. एका भाऊबीजेला माझ्या बायकोनं तिला सहज विचारलं, लिहिताना दुखतं का गं. ती म्हणाली, "नाही. मी लहान व्हती ना, तवा आईचं ध्यान नव्हतं, म्हनून तुटलं." पाढा म्हणावा तशी. बहीण शेजारी करंज्या तळत होती. तिनं झाऱ्यानं कढईतली करंजी उलटली आणि पुढची सोडली.

मी तेव्हाही बोललो नाही.

या वर्षी तिला मुलगा झाला. हे बाळंतपण सासरीच झालं. बारशाला आम्ही गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि माझ्या लक्षात आलं की बाळ कायम दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात आहे. आजीच्या, चुलत जावेच्या, शेजारणीच्या. पाजायची वेळ झाली की बहिणीकडे द्यायचे, पाजून झालं की सासू हात पुढे करायची. सासूनं माझ्या आईला समजावूनही सांगितलं, इनबाई, राग मानू नका, पण हिच्यापाशी एकटं ठेवाची हिंमत होत नाही.

मागच्या खोलीत बहीण एकटी भेटली. मला वाटलं, ती तक्रार करेल. ती म्हणाली, "त्या बरोबरच करून राह्यल्या, दादा. मले सोताचाच भरवसा नाही. तू सांगतलं असशीन, मायंच ध्यान नसन. मले तं आठवतबी नाही."

पदराशी चाळा करत ती हळूहळू बोलत होती. माझं खोटं तिनं इतकी वर्षं घोटून स्वतःची आठवण करून टाकलं होतं. आपणच पोरीचं बोट तोडलं, यावर आता तिचा स्वतःचा विश्वास बसला होता, आणि त्याची शिक्षा म्हणून ती आपलं दुसरं लेकरू आपण होऊन इतरांच्या हातात देत होती. मी काय केलं? बाहेर कोणी जेवायला हाक मारली, आणि मी जाऊन पंगतीत बसलो. बुंदी वाढली ती खाल्ली.

त्यानंतर तीन आठवडे माझ्या हातून धड एक जोड झाला नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले काहून सांगता? तिच्या घरी जा."

मी सकाळच्या बसनं गेलो. पोरगी शाळेत गेली होती. सासू अंगणात सुपात तूर निवडत होती, बाळ तिच्याशेजारी गोधडीवर झोपलेलं. जावई शेतात निघाले होते, त्यांना थांबवलं. बहिणीला बाहेर बोलावलं. ती हात पुसत आली आणि आई बरी आहे ना, म्हणून तिनं घाबरून विचारलं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझी करंगळी सापडली ते, रबर लावलं ते, फोटोसाठी काढलं ते, गाडी निघताना आठवलं ते. दवाखान्यात खोटं बोललो ते. जावई खाली बसले.

सासूनं सूप बाजूला ठेवलं. "सा वर्सं लागले तुमाले," ती म्हणाली. "सा वर्सं मी इले बोलत आली. माया तोंडातून तुमी बोलत व्हते म्हना ना."

मी म्हणालो, हो, तसंच आहे.

बहीण माझ्याकडे बघत नव्हती. गोधडीवरच्या बाळाकडे बघत होती. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "म्हनजे तू मले सांगतलंच नव्हतं?"

"नाही."

"मी किती आठवलं," ती म्हणाली. "रोज आठवलं."

तिनं डोळे पुसले नाहीत, आवाज चढवला नाही. ती मला बोलली असती, हाकलून दिलं असतं, तर मी ते घेऊन घरी आलो असतो. तिच्याकडे माझ्यासाठी काहीच नव्हतं. बोट परत येणार नव्हतं, ती सहा वर्षं येणार नव्हती, आणि पोरीला आता वेगळं सांगितलं तरी ती कोणाचं खरं मानणार, हे मला माहीत नव्हतं. मी येताना बसमध्ये बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी तिच्यासमोर मातीत बसलो आणि तिचे पाय धरले. ती मागे सरकली. मी हात काढून घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"बाई, तुयं ध्यान व्हतं. चूक मायी व्हती, आन् म्या ती तुयावर टाकली. मले माफ कर."